परवानगी लागत नाही म्हणतात, मग नियंत्रकाने करायचं काय?

पानगळ (धागाकर्ती)

जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करणाऱ्यांचा एक गट मी बरीच वर्षं सांभाळला. निब घासणं, शाई साठवणारी कुजलेली रबरी सॅक काढून नवी बसवणं, तडा गेलेलं टोपण सांधणं, असले उद्योग. गट एका मोठ्या समाजमाध्यमावर होता. एके दिवशी माझं खातं बंद. कारण काय, तर ‘नियमभंग’. कुठला नियम ते सांगितलं नाही. अपील केलं तर दोन मिनिटांत नकार आला, म्हणजे माणसाने वाचलंच नसणार. दुसरा कुणी नियंत्रक नव्हता, त्यामुळे गट नुसता पडून आहे. कुठल्या पेनाला कुठल्या मापाची सॅक बसते याचा तक्ता आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता. तोही आतच अडकलाय.

आता जो भेटतो तो सांगतो, हाइव्हवर जा, फारकास्टरवर जा, लेन्सवर जा, ही ब्लॉकचेनवाली समाजमाध्यमं आहेत. तिथे म्हणे कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी हाकलूही शकत नाही.

ऐकायला छान आहे. पण नियंत्रक म्हणून माझा निम्मा वेळ लोकांना बाहेर ठेवण्यातच गेलाय. नकली निब अस्सल म्हणून विकणारे, हाकलल्यावर दुसऱ्या दिवशी नव्या नावाने परत येणारे डुआयडी (डुप्लिकेट आयडी), प्रत्येक फोटोखाली दुकानाची लिंक टाकणारे. ‘कुणीही या, कुणी अडवणार नाही’ हे मला आश्वासन वाटत नाही, धमकी वाटते.

तेव्हा ज्यांनी हे खरोखर वापरलंय त्यांनीच सांगा. या ‘विनापरवानगी’ प्रकरणात माझ्यासारखीच्या पदरात नेमकं काय पडतं? गुंतवणुकीचे सल्ले नकोत.

दोन ओळी

क्रिप्टोचं टोकन खपवायचे धंदे आहेत. ताई, स्वतःची साधी वेबसाइट काढा आणि मोकळ्या व्हा.

नोडकरी

@दोन ओळी, वेबसाइटचा सल्ला वाईट नाही, त्यावर शेवटी येतो.

पानगळताई, तुमचा प्रश्न योग्य जागी आहे, फक्त ‘परवानगी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. खातं उघडण्याची परवानगी, तिथला मजकूर वाचून त्यावर स्वतःचं काही उभारण्याची परवानगी, आणि सगळं उचलून निघून जाण्याची परवानगी. जाहिरात नेहमी पहिलीची होते. माझ्या मते ती तिन्हींत सगळ्यात कमी मोलाची.

मी हाइव्हचा नोड चालवतो, म्हणजे तिथली ब्लॉकचेन (पुढे नुसतं ‘साखळी’ म्हणतो, सगळ्या नोंदींची सामायिक वही) जपणाऱ्या अनेक संगणकांपैकी एक माझा. म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

तुमच्या गटापुरतं बोलू. हाइव्हवर ‘कम्युनिटी’ असते. तिचे मालक, ॲडमिन, मॉडरेटर, सदस्य, पाहुणा आणि म्यूट केलेला असे दर्जे असतात. कम्युनिटीचे प्रकारही तीन. एकात कुणीही पोस्ट टाकू शकतो. दुसऱ्यात पाहुण्यांनी फक्त प्रतिसाद द्यायचे, पोस्ट सदस्यांनीच टाकायची. तिसऱ्यात सदस्यांशिवाय कुणी काहीच लिहायचं नाही. म्हणजे गेट आहे. ते तुम्ही लावायचं, हवं तेवढं उघडं ठेवायचं. नकली निबवाला हाइव्हवर खातं काढेल, दहा काढेल, पण तुमच्या कम्युनिटीत त्याचा मजकूर दिसू द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवणार.

फरक एवढाच की तुम्ही त्याला म्यूट केलंत तरी त्याचा मजकूर साखळीतून जात नाही. म्यूट म्हणजे काय, तर तुमच्या पोस्टिंग चावीने (लिहिण्यापुरत्या गुप्त पासवर्डने) सही केलेला एक छोटासा संदेश: ‘या कम्युनिटीत अमक्याची अमुक पोस्ट लपवा, कारण हे.’ हा संदेशसुद्धा इतर पोस्टींसारखाच दर तीन सेकंदांनी निघणाऱ्या एखाद्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, जाऊन बसतो. वाचकाला कम्युनिटी दाखवणारी जी संकेतस्थळं आहेत, हाइव्ह डॉट ब्लॉग, पीकडी, इसेन्सी वगैरे, ती हे संदेश वाचून पोस्ट लपवतात. कुणाला, कधी, का म्यूट केलं हे सगळ्यांना दिसतं. तुमचं खातं ज्याने बंद केलं त्याला हे बंधन नव्हतं.

आता दुसरी परवानगी, जिच्यासाठी मी इथे टिकून आहे. पूर्वी एका मोठ्या माध्यमावरचे लांबलचक धागे नीट वाचता यावेत म्हणून मी एक छोटं साधन लिहिलं होतं. फुकट होतं, बरेच लोक वापरायचे. एक दिवस कंपनीने एपीआयच्या (बाहेरच्या साधनांना मजकूर पुरवणाऱ्या सोयीच्या) अटी बदलल्या, माझी की, म्हणजे ती वापरायची परवानगी, रद्द झाली, विषय संपला. असं माझ्या एकट्याचंच झालं असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही ट्विटर वाचायची जुनी ॲपं अशीच एका झटक्यात बाहेर काढली गेली. त्याच वर्षी रेडिटने एपीआयला दर लावला आणि ३० जूनला अपोलो हे रेडिट वाचायचं ॲप बंद पडलं. ही काही लुटारू ॲपं नव्हती. या माध्यमांचे कित्येक जुने वाचक यांच्यातूनच वाचत होते.

हाइव्हवर मला कुणाकडे की मागावीच लागत नाही. पूर्ण साखळी माझ्या मशीनवर आहे. उद्या तुमच्या सॅकच्या तक्त्यासाठी पेनाच्या नावावरून माप शोधून देणारं पान करायचं म्हटलं, तर मी तुम्हालाही विचारणार नाही आणि इतर कुणालाही नाही. बसून लिहीन, चालू करीन. तुम्हाला ते आवडलं नाही तर तुम्ही दुसरं करा, मजकूर तोच राहील. पाणी एकच आणि नळ कितीही, असा प्रकार आहे. एक नळ बंद पडला तर पाणी तुंबत नाही.

तिसरी परवानगी, निघून जाण्याची, जेवून येऊन लिहितो. ती गोष्ट लांबलचक आहे.

शंकासुर

नोडकरींचा उत्साह समजू शकतो, पण दोन-चार खिळे मारतो.

एक. ‘कुणीही खातं काढेल, दहा काढेल’ हे तुम्ही हसत हसत लिहिलंत, पण संगणकशास्त्रात याला सिबिल हल्ला म्हणतात. २००२ मध्ये जॉन डाउसर यांनी यावर निबंध लिहिला. त्याचं सार असं की ओळख तपासणारी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एकाच माणसाने अनेक नावं घेणं व्यवहारात रोखता येत नाही. रोखायचं तर खातं काढणं महाग करावं लागतं. ईमेलच्या स्पॅमसाठी सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच ‘पाठवणाऱ्याला थोडं गणित करायला लावा’ अशी कल्पना मांडली होती आणि १९९७ चं हॅशकॅश हे तिचंच भावंड. साखळ्यांवर गणिताच्या जागी पैसा आला. म्हणजे परवानगी गेली आणि तिकीट आलं. ज्याला तिकीट परवडत नाही त्याच्यासाठी फरक काय?

दोन. पुसता येत नाही हे गुण म्हणून सांगता? पेनांच्या गटात खरेदी-विक्री चालत असणार. कुणीतरी रागाच्या भरात दुसऱ्याचा घरचा पत्ता टाकला की तो कायमचा. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याखाली वैयक्तिक माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. साखळीपुढे तो मागायचा कुणाकडे?

तीन. फारकास्टर, लेन्स यांची नावं धाग्यात आलीच आहेत म्हणून. दोन्ही सुरुवातीला बंद दारामागेच होते. फारकास्टर सगळ्यांना खुलं झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये, लेन्स फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे विनापरवानगीचे झेंडे घेतलेले लोकही आधी परवानगी देऊनच माणसं घेत होते. का? कारण पानगळताईंना जी भीती वाटते तीच त्यांनाही वाटत होती.

पानगळ

शंकासुर, अगदी माझ्या मनातलं. पत्त्याचा मुद्दा तर फारच. आमच्याकडे हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. मी ती पोस्ट लगेच उडवली होती म्हणून निभावलं. नोडकरी, याचं उत्तर द्या, मग निघून जाण्याची गोष्ट सांगा.

नोडकरी

देतो.

पत्त्याच्या बाबतीत शंकासुर बरोबर आहेत, आणि यात मला पळवाट काढायची नाही. हाइव्हवर पोस्ट बदलता येते, पण जुनी आवृत्ती ज्या ब्लॉकमध्ये गेली तिथेच राहते. काढून टाकण्याची सोय आहे, तीही पोस्टला प्रतिसाद किंवा मतं मिळालेली नसतील तरच, आणि इतिहासात तरीही उरतेच. संकेतस्थळं ती दाखवणार नाहीत, सामान्य वाचकाला दिसणार नाही, पण खोदणाऱ्याला सापडेल. म्हणून खरेदी-विक्री साखळीवर आणूच नका. ती दुसरीकडे चालू दे.

त्याच न पुसण्याची दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणाची माहिती मागितली म्हणून तिच्यावर कसा दबाव आणला गेला, हे खुल्या पत्रात लिहिलं. पत्र चिनी समाजमाध्यमांवरून भराभर उडवलं जात होतं. तेव्हा कुणीतरी ते इथेरियम या दुसऱ्या साखळीच्या एका व्यवहारात घातलं. शून्य इथरचा (तिथल्या चलनाचा) व्यवहार, स्वतःचाच पत्ता पाठवणारा आणि स्वतःचाच घेणारा, आणि सोबतच्या माहितीच्या रकान्यात ते अख्खं पत्र. ते आजही वाचता येतं. पत्ता टाकणारा माथेफिरू आणि हे पत्र टाकणारा, दोघांनाही दार सारखंच उघडं. यातला एकच आत घेणारं दार अजून कुणाला बनवता आलेलं नाही.

तिकिटाबद्दल. हाइव्हवर प्रत्येक पोस्टला पैसे लागत नाहीत. खात्यात जेवढं हाइव्ह (तिथलं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं) गुंतवलेलं असेल त्या प्रमाणात ‘रिसोर्स क्रेडिट’ मिळतात. लिहिलं की ते खर्च होतात आणि हळूहळू परत भरतात. सतत स्पॅम करणाऱ्याचे लवकर आटतात. फारकास्टरवर साठवणुकीचं वर्षाचं भाडं असतं आणि मर्यादा संपली की तुमचे सगळ्यात जुने मजकूर गळायला लागतात. तिकीट आहेच, नाही म्हणत नाही. पण तिकिटाचा नियम सगळ्यांना एकच असतो, आणि तिकीट विकणारा तुमचं तोंड बघून नाही म्हणत नाही.

अवांतर: जाहिरातीत न सांगितली जाणारी एक गोष्ट. हाइव्हवर पहिलं खातं तुम्हाला स्वतःचं स्वतः काढताच येत नाही. आधीपासून असलेल्या कुठल्यातरी खात्याला ते तुमच्यासाठी काढावं लागतं. ३ हाइव्ह मोजून किंवा क्रेडिट साठवून मिळालेल्या हक्कातून. नवखा माणूस एखाद्या संकेतस्थळावर ईमेल नाहीतर फोन पडताळूनच येतो. म्हणजे पहिल्या पायरीला कुणाला तरी विचारावंच लागतं. फक्त एकाने नाही म्हटलं तर विचारायला दुसरे हजारो आहेत, आणि एकदा खातं झालं, मूळ चाव्या तुम्ही बदलल्यात आणि ३० दिवस उलटले, की काढून देणारा ते परत घेऊ शकत नाही.

आता निघून जाण्याची गोष्ट. हाइव्ह जन्मालाच त्यातून आली.

आधी स्टीम नावाची साखळी होती, २०१६ पासून. तिचे ब्लॉक बनवणारे ‘विटनेस’ लोकांच्या मतांवर निवडले जातात. जास्त मतांच्या वरच्या २० जणांना प्रत्येक फेरीत जागा, आणि एक जागा बाकीच्यांना आळीपाळीने. मत माणशी नाही, गुंतवलेल्या टोकनप्रमाणे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. स्टीमिट नावाच्या कंपनीकडे अगदी सुरुवातीला मिळवलेला भलामोठा साठा होता. तो विकासासाठी आहे, मतदानाला वापरणार नाही, असं ती सांगत आलेली. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली. विटनेस घाबरले आणि त्यांनी सॉफ्ट फोर्क करून, म्हणजे साखळीचे नियम आणखी कडक करून, तो साठा गोठवला. म्हणजे बघा, पहिला ‘परवानगी नाही’ समाजाकडूनच आला.

मग २ मार्चला उलटा डाव पडला. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांकडे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या पेढ्यांकडे) ग्राहकांनी ठेवलेले स्टीम गुंतवून मतदानाला वापरले गेले आणि वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले. ठेव ग्राहकांची, मत एक्स्चेंजचं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. वर गुंतवलेलं स्टीम सोडवायला तेव्हा १३ आठवडे लागायचे. बोंबाबोंब झाल्यावर एक्स्चेंजांनी मतं मागे घेतली, पण विश्वास गेला तो गेलाच.

तुमच्या गटाबाबतीत काय झालं? खातं गेलं, विषय संपला. इथे लोकांनी साखळी चालवणारी संगणकीय संहिता उचलली, खातेवहीची नक्कल केली आणि २० मार्च २०२० ला हाइव्ह नावाने वेगळी साखळी चालू केली. ज्याची जी पोस्ट, जे नाव, जे अनुयायी होते ते सगळे तिथेही होते. चाव्यासुद्धा त्याच चालल्या. कंपनीचा तो वादातला साठा तेवढा नव्या वहीत घेतला नाही. पुढे २० मे रोजी स्टीमवर ६४ खात्यांमधले सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम हार्ड फोर्क करून, म्हणजे साखळीचे नियमच बदलून, काढून घेण्यात आले. तोपर्यंत ज्यांना जायचं होतं त्यांचं सामान दुसरीकडे लागलेलं होतं.

याला मी तिसरी परवानगी म्हणतो. रोज लागत नाही. पण ती आहे हे माहीत असलं की मालकही जरा जपून वागतो.

शंकासुर

गोष्ट रंगवून सांगितलीत, पण एक कोपरा सोडलात. नव्या वहीतून फक्त कंपनी वगळली नव्हती. सन यांच्या बाजूच्या विटनेसना मतं देणारी काही खातीही वगळली होती. त्यांना नंतर प्रस्ताव मांडून दाद मागावी लागली. मत दिलं म्हणून शिल्लक गेली! विनापरवानगी म्हणवणाऱ्या जागेने पहिल्याच दिवशी यादी काढली.

आणि त्याच घटनेत दिसतं की दार उघडं ठेवलं की पैसेवालाही त्याच दारातून येतो. टोकन विकत घ्यायला परवानगी लागत नव्हती म्हणूनच तर ते सगळं घडलं.

नोडकरी

दोन्ही मान्य. यादीचा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. त्यांचा जुना मजकूर आणि नाव मात्र नव्या साखळीवर शाबूत होतं, गेलं ते टोकन.

पैसेवाल्याच्या मुद्द्यावर पुढे थोडी दुरुस्ती झाली. ऑक्टोबर २०२० च्या हार्ड फोर्कपासून नव्याने गुंतवलेल्या हाइव्हला विटनेसच्या मतदानासाठी ३० दिवस थांबावं लागतं. एका रात्रीत तसा ताबा घेता येत नाही. सावकाश घ्यायचा म्हटलं तर येतो.

दोन ओळी

मग ब्लॉकचेन कशाला? नॉस्टर आहे की. चाव्या आणि रिले (संदेश ठेवून पुढे देणारे सर्व्हर), संपलं. टोकन नाही, फोर्क नाही, भांडण नाही.

नोडकरी

@दोन ओळी, चांगला मुद्दा, खरंच. नॉस्टरला साखळी नाही आणि परवानगीही लागत नाही. पण तिथे नाव म्हणजे लांबलचक चावी, ‘पानगळ’ हे नाव एकटीचंच राहील याची हमी मूळ रचनेत नाही. शिवाय तुमचा जुना मजकूर कुठल्यातरी रिलेने जपला तर जपला. एकमेव नाव आणि सगळ्यांना मान्य असलेला क्रम, या दोन गोष्टींसाठी साखळी लागते. नुसत्या गप्पांना मी नॉस्टरच सुचवीन. वर्षानुवर्षं वाढणाऱ्या तक्त्याला नाही.

आणि गेट सगळीकडे उरतंच. २०२३ मध्ये डॅमस या नॉस्टरच्या ॲपला ॲपलने पोस्टखाली पैसे पाठवायची सोय काढायला लावली. प्रोटोकॉल कितीही मोकळा असू दे, ॲप स्टोअर मोकळं नाही.

पानगळ

बरं. माझा विरोध थोडा मावळलाय, पूर्ण नाही. आता व्यवहाराचं बोला. आमचा निम्मा गट म्हणजे फोटो. निबच्या टोकाचे अगदी जवळून काढलेले. ते साखळीवर राहतात का? आणि सदस्यांमध्ये सत्तरी ओलांडलेले बरेच आहेत. पासवर्ड विसरणारी मंडळी. त्यांच्या हातात चाव्या द्यायच्या?

नोडकरी

फोटो साखळीवर नसतात, हे आधीच ऐकून ठेवा. ब्लॉकचा आकार ६४ केबीच्या आसपास, त्यात मजकूर मावतो, फोटो नाही. फोटो कुणाच्यातरी सर्व्हरवर जातात आणि पोस्टमध्ये त्याचा पत्ता राहतो. तेव्हा मूळ फोटो स्वतःजवळ ठेवायचेच. @दोन ओळींच्या वेबसाइटचा सल्ला इथे उपयोगी आहे: फोटो तिथे, तक्ता आणि चर्चा साखळीवर. तक्ता चित्र म्हणून टाकू नका, साधा मजकूर म्हणून टाका, म्हणजे कुणालाही तो उचलून शोधता येईल.

चाव्या चार असतात. ओनर, ॲक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो. सत्तरीतल्या मंडळींना रोजच्या वापरासाठी फक्त पोस्टिंग चावी द्या. तिने लिहिता येतं, मत देता येतं, पण पैसे हलत नाहीत. ती कुणाच्या हाती लागलीच तर फारतर त्यांच्या नावाने आचरट पोस्टी पडतील. ओनर चावी कागदावर लिहून ठेवायची. ती चोरीला जाऊन कुणी बदलली, तर जुन्या ओनर चावीने आणि नेमलेल्या रिकव्हरी खात्याच्या मदतीने ३० दिवसांच्या आत खातं परत मिळवता येतं. पण कागदच हरवला तर कुणी मदत करू शकत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण तिथे नाही, आणि ज्यांना ते लागणारच आहे त्यांना मी हाइव्हवर आणणार नाही. ते वाचनमात्र राहू देत, वाचायला खातं लागतच नाही.

आणि हाइव्हवर पोस्टला मतं पडली की टोकनमध्ये मोबदला मिळतो. पोस्ट टाकताना तो नाकारायची सोय आहे, ती गटाच्या पोस्टींवर सरसकट वापरा. बक्षिसासाठी येणारी गर्दी तिथेच निम्मी होते. तुमच्या निबवाल्यापेक्षा ती जास्त त्रास देते.

पानगळ

मोबदला नाकारायचा हे एकदम पटलं. मग असं करते: पोस्टी सदस्यांच्या, प्रतिसाद कुणाचेही, असा मधला प्रकार घेते. आधी फक्त सॅकचा तक्ता, आठवेल तसा नव्याने. खरेदी-विक्री अजिबात नाही. दुसरा मॉडरेटर पहिल्याच दिवशी नेमते.

शंकासुर, तुम्ही व्हाल का? फुकटात खिळे मारणारा माणूस मला हवाच आहे.

शंकासुर

होईन, पण म्यूट करताना कारण लिहायचंच, हा नियम आधी लावा. ‘नियमभंग’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही.